बँकेला कर्ज की ठेवीला विमा?

महामंदीत बँका बुडू लागल्या, तेव्हा त्या सावरायला अमेरिकेने दोन्ही करून पाहिलं. राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारने १९३२ मध्ये रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था काढून बँकांना तारणावर कर्जं दिली. पण कर्जदार बँकांची नावं जाहीर होऊ लागली आणि घोळ झाला. यादीत नाव दिसलं की ठेवीदार पैसे काढायला खिडकीवर हजर! मदतच अंगाशी आली.

हूवरनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मार्च १९३३ मध्ये आधी सगळ्या बँका बंद केल्या, मग तपासून धडधाकट तेवढ्या उघडल्या. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाला, म्हणजे बँक बुडाली तरी तेवढे पैसे परत मिळणार. मोठे ठेवीदार उघड्यावरच राहिले, पण छोट्यांना रांग लावायचं कारण उरलं नाही. मला हाच उपाय उजवा वाटतो. गंमत म्हणजे, खुद्द रूझवेल्टना विम्याची कल्पना सुरुवातीला पसंत नव्हती.