निळ्या दिव्याखालचं ‘सोपं’ कोरल

खाऱ्या पाण्याची टाकी सुरू करून दोन महिने झाले होते. १८० लिटर पाणी, दोन क्लाउन मासे, पाणी थंड ठेवणारा चिलर, सगळं मार्गी लागलेलं. आता कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ हवं, एवढंच डोक्यात. आई म्हणाली, “पोवळं अंगठीत घालतात रे, तू पाण्यात कसलं घालतोस?” तिथेच गप्प बसलो असतो तर १४ हजार वाचले असते.

मुंबईतल्या एका दुकानाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला. ‘बिगिनर पॅक, चार पीस.’ शनिवारी गेलो. दुकानात निळे एलईडी सोडले तर अंधारच. त्या उजेडात सगळंच चमकतं, हे तेव्हा कळत नव्हतं. “दादा, एकदम सोपं. लाइट लावा आणि विसरून जा,” दुकानदार म्हणाला. बिल मागितलं तर हसला. “जिवंत मालाचं कसलं बिल?” मीही हसलो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

चार पीस म्हणजे चार जातींची कोरलं: एक मश्रूम, एक झोअँथिड, हळदीसारखं पिवळंजर्द लेदर आणि लांब देठांची फुलं डोलावणारं ‘फ्लॉवर पॉट’. घरी पिशव्या उघडल्या तेव्हा लेदरच्या पिशवीतलं पाणीही पिवळसर होतं. माल परत न्यायची वेळ तीच होती. मी मात्र कौतुकाने फोटो काढत बसलो.

तीन आठवड्यांत पिवळा रंग उतरला आणि खाली निघालं पांढरंफटक कोरल. त्याला चक्क रंगवलं होतं. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं. हे शैवाल निघून गेलं की कोरल पांढरं पडतं, म्हणजे उपासमार सुरू. असा मरायला टेकलेला माल रंगात बुडवून विकतात, आणि उरल्यासुरल्या शैवालालाही त्या रंगामुळे पुरेसा उजेड मिळत नाही. धडधाकट लेदर बहुधा तपकिरी, बदामी किंवा फिकट हिरवट असतं, म्हणजे दिसायला अगदी साधं. नवख्याने नेमकं तेच घ्यावं. आणि दुकानात पांढरा दिवा लावायला सांगावं. आढेवेढे घेतले तर सरळ बाहेर पडावं.

फ्लॉवर पॉटचं दुखणं वेगळं. त्याचं खरं नाव गोनिओपोरा. पहिले दीड-दोन महिने ते असं फुलतं की आपल्याला सगळं जमलं असं वाटावं. मग रोज थोडं कमी उघडतं. हे कोरल जाणत्यांच्या टाक्यांतही असंच झिजून मेलेलं आहे आणि मला ते ‘सोपं’ म्हणून विकलं. चौथ्या महिन्यात हाती फक्त सांगाडा उरला. तळाशी तो ओबडधोबड तुटलेला होता. टाकीत वाढवलेला तुकडा सहसा छोट्या गोल चकतीवर चिकटवलेला मिळतो. हा खडकावरून उचकटलेला दिसत होता.

झोअँथिड जगलं. पण त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, हे दुकानात कुणी सांगितलं नाही. मी उघड्या हातांनी ते दगडावर चिकटवलं होतं. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि असा दगड साफ करायला कधीही उकळू नका, वाफेतूनही विषबाधा होते.

पैसे मागायला गेलो तेव्हा खरा दणका बसला. दुकानदार शांतपणे म्हणाला, “करा की तक्रार. पण फ्लॉवर पॉट तुमच्या घरात आहे ना?” घरी येऊन कायदा वाचला. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, सी फॅन, काळी प्रवाळं, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत! आणि माझं फ्लॉवर पॉट हे त्या कठीण प्रवाळांतलंच. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. मेलेला सांगाडाही यातून सुटत नाही. बिल का नव्हतं, ते तेव्हा उमगलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मश्रूम आणि झोअँथिड या कठीण प्रवाळांत मोडत नाहीत आणि नवख्याला झेपतातही. पण तेही कुठून आलं, ते कागदावर मागा. त्या दुकानात मी काहीच मागितलं नव्हतं.

मश्रूमचे आता दोन झालेत. सांगाडा प्लास्टिकच्या डब्यात घालून कपाटावर ठेवलाय. वकील मित्राने माझ्याकडून सगळी हकीकत लिहून घेतली आहे, दुकानाच्या व्हिडिओसकट. सोमवारी डबा घेऊन आम्ही दोघं वनविभागाच्या कार्यालयात जाणार आहोत. आईला अजून फक्त पैशांचंच सांगितलंय.