डीए निवडताना: गॅस्कॉनची लाइन की हॉकमनची? अल्पवयीन आरोपींच्या मुद्द्यावर दोघांची तुलना

अमेरिकेची सिटिझनशिप मिळून पहिलं बॅलट हातात आलं की आपल्या बऱ्याच मंडळींची गाडी डीएच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी या काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाच्या नावावर अडते, कारण भारतात सरकारी वकील सरकार नेमतं, त्याला मत द्यायचा प्रश्नच येत नाही. कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्ट अटर्नी चार वर्षांसाठी निवडून येतो आणि त्याच्या नावापुढे पक्षही छापलेला नसतो, म्हणजे चिन्ह बघून शिक्का मारायची सोय नाही, भूमिका वाचावीच लागते. सोळा-सतरा वर्षांच्या आरोपीचं काय करायचं हे समजून घ्यायला लॉस एंजेलिस काउंटीची २०२४ ची गॅस्कॉन विरुद्ध हॉकमन लढत सगळ्यात उपयोगी आहे असं मला वाटतं, दोन भूमिका इतक्या स्वच्छ समोरासमोर क्वचित येतात.

जॉर्ज गॅस्कॉन स्वतः आधी पोलिसात होता, सॅन फ्रान्सिस्कोचा डीएही होता. लॉस एंजेलिसमध्ये ७ डिसेंबर २०२० ला शपथ घेतली आणि त्याच दिवशी आदेश काढला की अल्पवयीन आरोपीची केस मोठ्यांच्या कोर्टात पाठवा अशी मागणी आपलं ऑफिस करणार नाही, गुन्हा कुठलाही असो. यामागे विचार पक्का आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अठराच्या आतल्यांची फाशी बंद केली, २०१२ मध्ये त्यांना सक्तीची पॅरोलशिवाय जन्मठेप देणं बंद केलं, आणि २००७ मध्ये सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने छापलेल्या तज्ज्ञगटाच्या अहवालात तर स्पष्ट म्हटलंय की मुलांना मोठ्यांच्या सिस्टिममध्ये ढकललं की पुढची हिंसा कमी होत नाही, उलट वाढते. मला हा मुद्दा खूप वजनदार वाटतो, कारण ही मुलं कधी ना कधी बाहेर येऊन आपल्याच शेजारी राहणार आहेत.

पण "कुठलाही गुन्हा असो" हे याच काउंटीतल्या पामडेलच्या केसमध्ये तुटलं. २०१४ ला तिथल्या एका रेस्टॉरंटच्या बाथरूममध्ये दहा वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला, आरोपी तेव्हा अठरा पूर्ण व्हायला काही दिवस कमी, डीएनए जुळला तो कितीतरी वर्षांनी, आणि जानेवारी २०२२ मध्ये शिक्षा झाली तेव्हा वय २६, पण केस ज्युवेनाइल कोर्टातच असल्याने शिक्षा दोन वर्षं. त्या मुलीच्या घरच्यांना हे काय समजावणार? पुढच्याच महिन्यात गॅस्कॉनने धोरण बदललं आणि अपवाद तपासायला कमिटी नेमली.

नेथन हॉकमन आधीचा फेडरल प्रॉसिक्युटर, २०२२ मध्ये रिपब्लिकन म्हणून राज्याच्या अटर्नी जनरलपदाला उभा राहून हरलेला, २०२४ मध्ये अपक्ष. त्याचं म्हणणं एवढंच की सरसकट नियम कुठल्याच बाजूने नको, प्रत्येक केस तिच्या पुराव्यावर बघायची. जवळपास ६० टक्के मतं घेऊन जिंकला आणि आल्या आल्या गॅस्कॉनचे आदेश रद्द केले. यातला धोका म्हणजे "केस बघून" म्हणजे शेवटी माणूस बघून, कुठल्या केसचा टीव्हीवर किती गाजावाजा झाला, मुलगा कुठल्या वस्तीतला, त्याला वकील कसा मिळाला, हे सगळं त्यात शिरतं.

प्रचारात नीट सांगितलं जात नाही ते हे की डीए फक्त मागणी करतो. २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉप ५७ या कायद्यापासून निर्णय जज देतो, चौदा-पंधरा वर्षांच्यांना मोठ्यांच्या कोर्टात पाठवणं २०१८ च्या कायद्याने जवळपास बंदच झालं, आणि २०२३ पासून मुलगा सुधारण्यापलीकडे आहे हे बऱ्याच भक्कम पुराव्याने दाखवावं लागतं. गंभीर गुन्ह्यात ज्युवेनाइल कोर्टही आता २५ व्या वर्षापर्यंत ताबा ठेवू शकतं. त्यामुळे "सगळी पोरं जेलात सडणार" आणि "दोन वर्षांत सुटणार" दोन्ही बाजूंची भीती बरीच फुगवलेली आहे.

पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला त्या कल्याणीनगर अपघातावरून इथलं मत ठरवणारे खूप भेटतात. मे २०२४ चा तो राग मलाही आहे, पण तो मुख्यतः पटकन मिळालेल्या जामिनाचा, त्यासाठी घातलेल्या निबंधाच्या अटीचा, पैशाचा आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाचा होता, नुसत्या वयाचा नव्हता. तिथेही सोळा ते अठरामधल्याला मोठा धरायचं की नाही हे आधी बाल न्याय मंडळ ठरवतं, आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने पोलिसांची ती मागणी फेटाळली.

माझं मत म्हणाल तर हॉकमनच्या पद्धतीकडे झुकतं, पण एका अटीवर: किती मुलांसाठी मागणी केली, कुठल्या गुन्ह्यात, जजने किती मान्य केल्या, हे दरवर्षी जाहीर व्हावं. तुम्हाला अशा अधिकाराचा गैरवापर होईल याचीच जास्त भीती असेल तर गॅस्कॉनच्या लाइनचा उमेदवार घ्या, पण अपवादाची वाट आधीपासून लिहून ठेवणारा. आणि दोघांपैकी कुणीही असो, मुलं ठेवणार कुठे हे विचारा. डाउनीच्या लॉस पॅड्रिनोस या अल्पवयीनांच्या कोठडीत मुलांच्या मारामाऱ्या होऊ दिल्याबद्दल मार्च २०२५ मध्ये ३० अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. ते सेंटर डीए चालवत नाही, काउंटीचं प्रोबेशन खातं चालवतं, पण मुलांवर केस दाखल करतो तो डीएच. पुढची निवडणूक २०२८ ला, राष्ट्राध्यक्षाच्या मतदानाबरोबरच, त्याआधी उमेदवारांच्या सभा होतात, तिथे हात वर करून हेच विचारा.