आधारची कुलुपे: ‘माय आधार’ संकेतस्थळावरील गोपनीयता सुविधांचे परीक्षण

बँक खाते बंद करता येते, सिमकार्ड बदलता येते, पासवर्ड तर हवा तेव्हा बदलता येतो. पण १२ अंकी आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे जन्मभर तेच राहतात. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला. तेव्हापासून लॉजच्या काउंटरपासून सोसायटीच्या कार्यालयापर्यंत या कार्डाच्या किती झेरॉक्स आपण वाटल्या, याचा हिशेब कोणाकडेच नसेल. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ‘माय आधार’ या संकेतस्थळावर आपली माहिती झाकण्याच्या आणि कुलूपबंद करण्याच्या काही सुविधा विनामूल्य दिल्या आहेत. त्या मी नियमित वापरतो. त्यांतली एक प्रत्येकाने वापरावी अशी आहे, एक अर्धी उपयोगाची आहे आणि एक कल्पना म्हणून उत्तम असूनही व्यवहारात जवळपास निरुपयोगी ठरली आहे.

अर्ध्या उपयोगाची म्हणजे ‘मास्क्ड आधार’. ई-आधार डाउनलोड करताना एका चौकटीत खूण केली, की क्रमांकाचे पहिले ८ अंक झाकलेली आणि शेवटचे ४ दिसणारी प्रत मिळते. लॉजवाल्याला किंवा घरमालकाला ओळख पटवण्यासाठी तेवढे पुरेसे असते. मात्र झाकला जातो तो फक्त क्रमांक. नाव, छायाचित्र, जन्मतारीख आणि पत्ता तसेच उघडे राहतात, आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यास तीच माहिती नीटनेटकी हाती येते. शिवाय या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. जो आपल्याला ओळखतो, त्याच्यासाठी हा पासवर्ड असून नसल्यासारखा आहे. गोपनीयतेच्या सुविधेत इतकी ढिलाई का ठेवली असावी, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.

काउंटरवरच्या माणसाला ही प्रत ग्राह्य आहे हे ठाऊकच नसते, ही त्याहून मोठी अडचण आहे आणि तिची जबाबदारी प्राधिकरणालाही टाळता येणार नाही. मे २०२२ मध्ये त्याच्या बंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड प्रत द्या, असे आवाहन केले होते. हॉटेले आणि चित्रपटगृहे यांसारख्या, प्राधिकरणाचा परवाना नसलेल्या खासगी आस्थापनांना आधारच्या प्रती घेण्याची वा ठेवण्याची मुभा नाही, असेही त्यात म्हटले होते. दोनच दिवसांनी, गैरसमज होऊ शकतो म्हणून ते मागे घेण्यात आले आणि लोकांना नेहमीची सावधगिरी बाळगण्यास सांगण्यात आले. सरकारच असे बोलून शब्द गिळू लागल्यावर लॉजच्या मॅनेजरशी वाद घालण्याचे बळ सामान्य ग्राहकात कुठून यावे?

कल्पना म्हणून उत्तम असलेली सुविधा म्हणजे २०१८ मध्ये आलेला ‘व्हर्च्युअल आयडी’. आधार क्रमांकाऐवजी देता येणारा हा १६ अंकी क्रमांक हवा तेव्हा नव्याने तयार करता येतो, नवा तयार झाला की जुना बाद होतो आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही. नोंदणीकृत मोबाइलवरून १९४७ या क्रमांकाला एसएमएस पाठवूनही तो मिळतो. मात्र हा क्रमांक यंत्रासाठी आहे. कार्डाची झेरॉक्स फाइलला लावणे म्हणजेच ओळख पटवणे, अशी ज्या कार्यालयाची समजूत आहे, तिथे हे १६ अंक ऐकून घेण्याचीही कोणाची तयारी नसते.

खरी मोलाची सुविधा आहे ती बायोमेट्रिक लॉक. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर बँक मित्राकडच्या, म्हणजे बँकेने नेमलेल्या स्थानिक प्रतिनिधीकडच्या, छोट्या यंत्रातून खात्यातले पैसे काढता येतात. तिथे ना ओटीपी लागतो, ना पिन. गावोगावच्या खातेदारांसाठी ही मोठी सोय आहे, आणि नेमकी तीच चोरांनी हेरली. जमिनीच्या खरेदीखतांवर अंगठ्याचे ठसे असतात आणि अनेकदा आधार क्रमांकही असतो. अशा दस्तांवरून सिलिकॉनचे ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी उघड झाले. लॉक लावले, की बोटांचे ठसे, बुबुळे आणि चेहरा यांपैकी कशानेही पडताळणी होत नाही. समोरच्या यंत्रावर ३३० हा त्रुटी क्रमांक येतो आणि व्यवहार तिथेच थांबतो. आपण स्वतः गेलो असलो तरी तो थांबतोच, म्हणून आधी तात्पुरते कुलूप उघडावे लागते. ते दहा मिनिटे उघडे राहते आणि आपोआप पुन्हा लागते. महाराष्ट्रात भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट थम्बचे यंत्र घेऊन घरी येतो, तेव्हा यंत्र जोडून तयार झाल्यावरच कुलूप उघडावे. त्याचा लॅपटॉप सुरू होण्यातच ती दहा मिनिटे संपण्याची शक्यता असते. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रापुढे रांगेत उभे असतानाही हाच हिशेब लक्षात ठेवावा लागतो.

इथेच या सेवेची मुख्य उणीव दिसते. अंगठ्यावर पैसे काढणाऱ्या वृद्ध खातेदाराला या कुलपाची सर्वाधिक गरज आहे, पण ते लावायला नोंदणीकृत मोबाइल, ओटीपी आणि संकेतस्थळावर वावरण्याची सवय लागते. आधारला मोबाइल जोडलेला नसेल, तर या सगळ्या सुविधा असून नसल्यासारख्याच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या ‘आधार’ ॲपमध्ये कुटुंबातील पाच जणांची आधार माहिती ठेवता येते, निवडक तपशीलच दाखवता येतो आणि कुलूपही झटकन लावता येते. घरातल्या जाणत्या मुलाने किंवा सुनेने आजी-आजोबांसाठी हे काम अंगावर घ्यावे, हाच तूर्त व्यवहार्य मार्ग दिसतो.

पडताळणीच्या इतिहासाची सोयही पाहण्यासारखी आहे. मागील सहा महिन्यांतल्या, जास्तीत जास्त ५० नोंदी तिथे दिसतात: कोणत्या संस्थेने, कधी, कोणत्या पद्धतीने पडताळणी केली आणि ती यशस्वी झाली की फसली. आपण ठसा दिलेलाच नसताना बायोमेट्रिकची नोंद दिसली, तर बँकेला त्वरित कळवावे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. आधारला ई-मेल जोडला असल्यास प्रत्येक पडताळणीची सूचना तिथे येते, त्यामुळे हा इतिहास उघडून पाहण्याची आठवण ठेवावी लागत नाही.