फुकटच्या चिप्स

हॉटेलच्या लॉबीत तो माणूस स्वतःहून बोलायला आला. कॅसिनोत प्रवेश फुकट, वर सुरुवातीच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, त्याही फुकट. पर्यटनाच्या गावात संध्याकाळी दुसरं काय करायचं, म्हणून गेलो.

त्या चिप्सचा रंग वेगळा होता. खिडकीवर त्या देऊन पैसे मिळत नाहीत, फक्त डावावर लावता येतात, हे तिथे गेल्यावर कळलं. पण तोवर मी रूलेटच्या, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावर गोळी सोडायच्या खेळाच्या टेबलाशी बसलो होतो आणि लॉबीतला तो माणूस माझ्या बाजूला उभा राहून 'हमखास युक्ती' शिकवत होता: लालवर एक चिप लावा, हरलात की दुप्पट लावा, पुन्हा हरलात की पुन्हा दुप्पट. लाल कधीतरी येणारच, तेव्हा सगळं वसूल होऊन वर एक चिप नफा.

तासभर खरंच तसं झालं. (इथेच उठायला हवं होतं, पण तेव्हा मी स्वतःला हुशार समजत होतो.) फुकटच्या चिप्स संपल्यावर खिशातले पैसे काढले. मग ओळीने सात वेळा लाल आलंच नाही. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा १२७ चिप्स गेल्या, कशासाठी, तर एका चिपच्या नफ्यासाठी! आठव्यांदा १२८ लावायला गेलो, तर डीलरने पाटीकडे बोट केलं. टेबलाची मर्यादा १००. पाटी पहिल्यापासून तिथेच होती.

चाकात खोट नव्हती. एक शून्य धरून ३७ घरं, त्यांतली लाल १८. म्हणजे सलग सात वेळा हरणं साधारण १०६ मध्ये एकदा. रात्रभर बसणाऱ्याला ते गाठतंच. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ साली काळा ओळीने २६ वेळा आला होता, आणि 'आता तरी लाल येईल' म्हणत लोक पैसे ओतत राहिले होते. चाकाला मागचा डाव आठवत नाही.

मागे वळून पाहिलं तर युक्तीवाले गायब. लॉबीतल्या पोऱ्याने नंतर सांगितलं, त्यांना माणसामागे कमिशन मिळतं.

सकाळी ते पुन्हा लॉबीत, एका नवविवाहित जोडप्याशी बोलत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "साहेब, आठव्यांदा काय करायचं तेही सांगा ना यांना." ते मोबाइलमध्ये बघू लागले. नवऱ्याने विचारलं, "आठव्यांदा म्हणजे?" मी खुर्ची ओढून बसलो.