दोन फटींचा लेझर संच: पट्टे चोख, पुस्तिकेतील चित्र दिशाभूल करणारे

दोन फटींतून गेलेला प्रकाश पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे कसे उमटवतो, ते दाखवणारा हा संच अमळनेरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने मागवला; त्यावरील प्रयोग बारावीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यावर हे लिहीत आहे. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर, फटींच्या जोड्या कोरलेली काचपट्टी, स्टँड आणि मराठी पुस्तिका एवढे साहित्य त्यात मिळते.

काचपट्टीचे काम उत्तम आहे. फटींमधील अंतर ०.२५ मिलिमीटर आणि पडदा २ मीटरवर असताना लगतच्या दोन तेजस्वी पट्ट्यांत ५.२ मिलिमीटर अंतर यायला हवे, आणि भिंतीवर डकवलेल्या आलेख-कागदावर मुलांना जवळपास तेवढेच मिळाले. ब्लेडची कड हळूहळू सरकवत एक फट झाकली, की बारीक पट्टे पुसले जातात आणि रुंद, फिकट उजेड तेवढा उरतो. हे पाहताना वर्गात जी शांतता पसरली, तिच्यासाठीच असे साहित्य घ्यावे. स्टँडचा स्क्रू मात्र ढिला आहे, आणि खानदेशातील उन्हाळ्यात खिडक्यांना जाड पडदे लावल्याशिवाय पट्टे नीट दिसत नाहीत.

माझी खरी हरकत पुस्तिकेतील एका चित्रावर आहे. फटींपासून पडद्यापर्यंत वळणावळणाच्या रेषा काढून 'प्रत्येक कण असा जातो' असे तिथे ठामपणे छापले आहे. एक मिलिवॅटचा असा लेझर सेकंदाला तीन हजार लाख कोटींहून अधिक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडतो, त्यामुळे एकेका कणाविषयी हा संच काहीच सांगू शकत नाही. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन जवळपास एकेक करून सोडले, तेव्हा पडद्यावर आधी विखुरलेले ठिपके दिसले आणि हजारो ठिपके साठल्यावरच पट्टे उमटले. पण ठिपक्यावरून त्यामागची वाट कळत नाही, आणि कण कोणत्या फटीतून गेला हे नक्की करू गेल्यास पट्टेच नाहीसे होतात. पुस्तिकेतील त्या वळणदार रेषा भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या, प्रत्येक कणाला ठरावीक वाट असते असे मानणाऱ्या सिद्धान्तातून येतात. टोरांटोतील संशोधकांनी २०११ मध्ये तशाच रेषा प्रयोगातून मिळवल्या खऱ्या, परंतु त्या असंख्य फोटॉनांवरील दुर्बल मापनांची (कणाला जेमतेम धक्का लावणाऱ्या, म्हणून एकेकटी फारसे न सांगणाऱ्या मापनांची) सरासरी होत्या, एकाही फोटॉनचा प्रत्यक्ष माग नव्हे.

संच जरूर घ्यावा, परंतु ते पान शिक्षकांनी स्वतः समजावून सांगितल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नये. पुढील आवृत्तीत त्या चित्राखालचे वाक्य काढून 'बोम यांच्या मांडणीनुसार' एवढे तीन शब्द छापले, तरी माझी हरकत उरणार नाही.