पर्वताच्या छायाचित्रणासाठी पोलरायझर फिल्टर: आठवडाभराच्या वापरानंतर

मित्रांबरोबरच्या मोटारप्रवासात वाटेवरच्या एका सुळकेदार पर्वताची छायाचित्रे घेण्यासाठी ७७ मिलिमीटर व्यासाचा वर्तुळाकार पोलरायझर फिल्टर (लेन्सपुढे बसवायची, ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवणारी काच) मी आठवडाभर वापरला. सूर्य साधारण ९० अंशांवर, म्हणजे आपल्या खांद्याच्या बाजूला असताना फिल्टरची बाहेरची कडी हळूहळू फिरवली की आकाशाचा निळा रंग गडद होतो, धुरकटपणा बराच निवळतो आणि मघाशी पांढुरक्या वाटणाऱ्या कड्यावरच्या भेगाही उठून दिसतात. सूर्य थेट पाठीशी असेल, तर मात्र कडी कितीही फिरवली तरी आकाशात फारसा फरक पडत नाही. खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या १६ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सवर आकाशाचा एकच भाग काळवंडला, म्हणून पुढे मी ५० मिलिमीटरच्या आसपासच राहिलो. प्रकाश दीड ते दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) घटत असल्यामुळे तिन्हीसांजेला फिल्टर काढून ठेवणेच बरे. गाडीच्या बाजूच्या काचेआडून टिपलेल्या चित्रांत डोंगरावर इंद्रधनुष्यासारखे रंगीत डाग उमटले. तो दोष फिल्टरचा नसून टफन केलेल्या (उष्णता देऊन कणखर बनवलेल्या) काचेतल्या ताणाचा आहे, हे मित्रांना पटवताना नाकी नऊ आले. माझी खरी तक्रार फिल्टर लेन्सवर फिरवून बसवण्याच्या आट्यांबद्दल आहे: एका थंड संध्याकाळी फिल्टर लेन्सवर असा घट्ट बसला की, कडीभोवती रबरबँड गुंडाळून तो सोडवेपर्यंत शिखरावरचा तांबूस प्रकाश मावळून गेला होता.