पावणेपाच लाखांची चाळणी

परवा गोंदियाहून एका माणसाचा फोन आला. "भाऊ, तुमच्याकडे ती रवा साफ करायची हवेची मशीन आहे म्हणे. कशी चालते जी?" माझा नंबर कुठून मिळाला, असं विचारलं. मशीनवाल्यानं त्याला एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात मी माझ्या शेडमध्ये मशीनला हार घालून नारळ फोडतो आहे आणि मागे माझ्या गिरणीची पाटी दिसते आहे. त्या पट्ठ्यानं पाटी मोठी करून नंबर वाचला आणि सरळ मला लावला. माझ्यापेक्षा हुशार निघाला.

म्हणजे ज्यानं मला बुडवलं, तोच आता माझा नारळ दाखवून पुढचं गिऱ्हाईक पटवतो आहे. इतके दिवस लाजेपोटी गप्प होतो. आता लिहितो.

नागपुरात पारडीकडे आमची गिरणी आहे, बाबांच्या काळापासूनची. दोन दगडी चक्क्या होत्या, चार वर्षांपूर्वी छोटा रोलर घेतला आणि रवा काढायला लागलो. गहू कळमन्यातून आणायचा, रवा इतवारीत द्यायचा. उन्हाळ्यात शेवयांच्या रव्याला मागणी असते, वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत होते. पण माझ्या रव्यात ठिपके. व्यापारी पोत्यात हात घालायचा, चिमूटभर तळहातावर पसरायचा आणि म्हणायचा, "भाऊ, कोंडा दिसते." की भाव उतरला.

हे ठिपके चाळणीनं का जात नाहीत, ते आधी सांगतो, कारण माझी सगळी फसवणूक त्याच एका गोष्टीवर उभी आहे. रोलरमधून भरडा निघतो तेव्हा त्यात रव्याचे कण असतात, कोंडा चिकटलेले कण असतात आणि कोंड्याचे सुटे बारीक तुकडेही असतात. मोठा कोंडा चाळणीवर राहतो, पीठ खाली जातं. पण रव्याच्या कणाएवढाच असलेला कोंड्याचा तुकडा चाळणीला कसा कळणार? तिला फक्त आकार कळतो. तो तुकडा चपटा आणि हलका असतो, रव्याचा कण भरीव आणि जड. तिथे हवाच लागते. सुपात पाखडताना आई जे करते तेच.

मोठ्या रोलर फ्लोअर मिलमध्ये यासाठी प्युरिफायर असतो. हलत्या, किंचित उतरत्या चाळण्यांवर एकाच आकाराचा माल पातळ थरानं पसरतो आणि ब्लोअर वरून हवा ओढतो. ती हवा चाळणीच्या खालून जाळीतून आणि मालातून वर जाते. हलका कोंडा थरावर तरंगत पुढे सरकतो, एकदम हलका तर हवेबरोबर निघूनच जातो, आणि जड स्वच्छ रवा जाळीतून खाली पडतो. जाळी सुरुवातीला बारीक आणि शेवटाकडे मोठी होत जाते. प्रत्येक भागाची हवा कमी-जास्त करायला वेगळा डँपर, म्हणजे झडप, असते. हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. पैसे देण्याआधी यातलं फक्त "हवा असते" एवढंच माहीत होतं.

गेल्या दिवाळीनंतर मोबाइलवर एक जाहिरात दिसली. "मिनी सूजी प्युरिफायर, ताशी ३०० किलो." व्हिडिओत पांढराशुभ्र रवा धबधब्यासारखा पडत होता. मागच्या भिंतीवर चिनी अक्षरं होती, ती मला व्हिडिओ पाचव्यांदा पाहताना दिसली, आणि तोवर पैसे गेले होते. नंबर टाकला तर दहा मिनिटांत फोन. माणूस गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याला "दादा". कारखाना गुजरातेत, पण "डेमो तुमच्या नागपुरातच दाखवतो दादा, वाडीला आमचं गोडाऊन आहे." भाव ६,४०,००० सांगितला आणि माझी घासाघीस होण्याआधी स्वतःच ५,२०,००० वर आला. तेव्हा वाटलं, आपण भाव पाडला.

डेमोला मी आणि आई गेलो. आईला न्यायचं काही ठरलं नव्हतं, तिला परतताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. गोडाऊनमध्ये मशीन चालू, ब्लोअरचा आवाज असा की बोलणं ऐकू येईना. त्यानं कोंडामिश्रित रवा ओतला, एका तोंडातून स्वच्छ रवा आला, दुसऱ्यातून कोंडा. मी खूश. आईनं कोंड्याच्या तोंडाखाली हात धरला, बोटांनी चोळून पाहिलं आणि मला म्हणाली, "काहून गा, हा कोंडा इतका मोठा मोठा कसा? आपला तर बारीक निघते."

मी म्हटलं, "आई, मशीन भारी आहे, म्हणून." काय बोललो ते आजही आठवतं आणि कानशिलं गरम होतात.

कारण तिथेच सगळं उघडं पडलं होतं. त्यानं आधीच स्वच्छ असलेल्या रव्यात मुद्दाम मोठा कोंडा कालवला होता. तो कुठल्याही साध्या चाळणीनं वेगळा झाला असता. ब्लोअर फक्त आवाजाला होता. माझा स्वतःचा भरडा वीस किलो पोत्यात घालून नेला असता, तर पाच मिनिटांत खेळ संपला असता.

पैशांचं झटपट सांगतो. २,००,००० आगाऊ, आरटीजीएसनं. बँकेच्या स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं ते फर्मचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. फोन केला, तर "आमच्या पार्टनरचं खातं आहे दादा, फर्मच्या खात्याचं लिमिट संपलं." मान्य केलं. वरून सबसिडीचं गाजर. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के मिळतात, फाइल मीच करून देतो, १५,००० द्या, म्हणाला. तेही दिले. योजना खरी आहे, २०२० पासून आहे, ३५ टक्केही खरे, कमाल १० लाखांपर्यंत. पण ती कर्जाला जोडलेली असते. आधी रोखीनं मशीन घ्यायची आणि मागून सबसिडी मागायची, असा तिचा रस्ताच नाही. फाइल करून द्यायला जिल्ह्यात योजनेची नेमलेली माणसं असतात, त्यांना आपण पैसे द्यायचे नसतात. छोट्या उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणीही फुकटच होते. त्या १५,००० मध्ये त्यानं तीसुद्धा मोजली होती.

ट्रक आला रात्री साडेअकराला. हमाल शोधता शोधता जीव गेला. ड्रायव्हर म्हणाला, पेमेंटचा मेसेज आल्याशिवाय ताडपत्री सोडायची नाही, असं वरून सांगितलंय. मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून आणखी २,६०,००० पाठवले. ६०,००० मात्र मागे ठेवले, मशीन चालवून दिल्यावर देईन म्हणून. अख्ख्या व्यवहारात शहाणपणाचं काम केलं ते एवढंच. रात्री ट्रक का येतो, हे आता कळतं. अंधारात रंगाखालचा गंज दिसत नाही.

सकाळी नारळ फोडला. मशीनवाल्याकडचा एक पोरगा आला होता, त्यानं व्हिडिओ काढला, स्टार्टर जोडला, चहा प्यायला आणि "माल टाकून बघा" म्हणत दुपारच्या गाडीनं गेला. संध्याकाळी मी माल टाकला. रवा ठिपक्यांसकट गेला आणि ठिपक्यांसकट आला. वर शेडभर धूळ. फोन केला, तर म्हणे, "तुमच्या गव्हात ओल जास्त आहे दादा." दुसऱ्या दिवशी म्हणे ओल कमी आहे. मग जाळी बदला, मग बेल्ट ताणा, मग व्होल्टेज कमी आहे. ओलीचं बोलणं एकदम खोटंही नसतं, म्हणून माणूस अडकतो. दळण्याआधी गव्हाला पाणी देऊन तो मुरवत ठेवायचा असतो, कडक गहू तर रात्रभर आणि वरही. नाहीतर कोंड्याचा चुरा होतो आणि मग कुठलीच मशीन तो काढू शकत नाही. मी पाणी देतच होतो. तरी तीन आठवडे ओल कमी-जास्त करत बसलो. त्या तीन आठवड्यांत त्याची खाती रिकामी झाली असणार.

शेवटी ओळखीतल्या एका काकांना बोलावलं. रोलर मिलमध्ये उभी हयात गेलेला माणूस. ते आले, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "घरात उदबत्ती आहे का?" मला वाटलं, पूजा करतात की काय. त्यांनी ब्लोअर चालू करायला लावला आणि पेटलेली उदबत्ती चाळणीच्या खाली धरली. धूर जागच्या जागी घोटाळत राहिला. मग तीच उदबत्ती बाजूच्या दाराच्या फटीशी नेली. धूर सपकन आत ओढला गेला.

"बघ बापा," ते म्हणाले, "तुझा ब्लोअर फटीतली हवा खातो. जाळीतून एक फुंकरसुद्धा जात नाही." खाली वाकून त्यांनी दाखवलं. चाळणीखालचा ट्रे चारही बाजूंनी पत्र्यानं बंद होता. खालून हवा यायला वाटच नाही. दारांना रबर नाही. जाळी पहिल्या इंचापासून शेवटपर्यंत एकाच नंबरची. जाळीची भोकं मोकळी ठेवायला खालून ब्रश फिरतात, तेही नाहीत. डँपरचे चार दांडे बाहेर होते, मी रोज ते मन लावून फिरवत होतो. आत त्यांना पातंच जोडलेलं नव्हतं. हे पाहून मला खरंच हसू आलं.

मोटरवर ५ एचपीची चकचकीत नेमप्लेट होती. इलेक्ट्रिशियननं ती काढली तर खाली जुन्या रिव्हेटची भोकं, आणि मोटर अंगानं २ एचपीची. आधी त्यानं क्लॅम्प मीटर लावला होता आणि म्हणाला होता, एवढा कमी करंट घेणारी मोटर ती किती हवा ओढणार?

काकांना सगळ्यात राग आला तो धुळीचा. सोबत धूळ पकडणारा सायक्लोन नाही, बॅग फिल्टर नाही, ब्लोअरचं तोंड सरळ शेडमध्ये. "ही पिठाची धूळ आहे, रस्त्याची नाही," म्हणाले. मग त्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिसची गोष्ट सांगितली. हे प्युरिफायर गिरण्यांमध्ये रुळले ते तिथेच, १८७० च्या सुमारास. आणि तिथल्याच वॉशबर्न ए मिलमध्ये २ मे १८७८ ला पिठाच्या धुळीनं पेट घेतला, गिरणी उडाली, १८ माणसं गेली. आणि माझा ठिणगी उडू शकणारा स्टार्टर ब्लोअरच्या तोंडापासून चार हातांवर होता. त्या दिवसापासून मशीन बंद.

बिल मग नीट वाचलं. पत्ता गुजरातचा आणि जीएसटी नंबर ०९ नं सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, आणि ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव, पत्ता, नोंदणी चालू की रद्द, सगळं फुकट दिसतं, लॉगिनही लागत नाही. तो नंबर कुणा कपडेवाल्याचा होता आणि कधीचा रद्द झालेला. दोन मिनिटांचं काम, पावणेपाच लाख गेल्यावर केलं.

वाडीचं गोडाऊन महिन्याच्या भाड्यानं घेतलेलं होतं. मालकालाही शेवटचं भाडं मिळालं नाही, तो माझ्यापुढेच रडला.

तक्रार दिली आहे. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचो, ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, माझ्यासारखे ओल मोजत बसू नका. उशीर झाला की खात्यात गोठवायला काही उरत नाही. वकिलांनी आणखी एक सांगितलं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असं सगळे म्हणतात, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरत असलात तर २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच ठरता. अर्ज तयार होतो आहे. आरोपीचा खरा पत्ता मिळाला तर पुढचं.

यंदाचा शेवयांचा हंगाम गेला. रवा आता अर्धाच काढतो, आणि त्यातला घरगुती गिऱ्हाइकांचा चार-पाच किलो आई सुपात पाखडून देते. तिनं अजून एकदाही "मी म्हटलं होतं" म्हटलेलं नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

गोंदियावाल्याला मी एवढंच म्हटलं: पैसे देऊ नका, आधी आपला स्वतःचा भरडा घेऊन डेमोला जा, आणि खिशात उदबत्ती ठेवा. काल त्याचा परत फोन आला. भरडा घेऊन येतो म्हटल्यावर मशीनवाला म्हणाला, "डेमोची मशीन कालच विकली गेली दादा."